दोन चौकोन

काउकोने माऊसच्या कार्डावरची, पिना जोडणारी इवलीशी टोपी चिमट्याने उपसली, पाच नंबरच्या पिनांवरून काढून तीनवर बसवली आणि कार्ड पुन्हा संगणकाच्या पोटात दाबलं.

"परत?" राइलीने विचारलं.

"अगं, आवाजाचं कार्डही पाचवरूनच हाक मारतंय. दोघांची हाक एकच, मग यंत्र गोंधळतं. आता संगणक चालवणाऱ्या लिनक्सला सांगायचं, माऊस तीनवर आहे म्हणून."

"सांग बाबा. घरात कोणीतरी तुझं ऐकू दे."

काउको हसला. खुर्चीतल्या तिच्या नवऱ्याकडे, आर्वोकडे, पाहायचं मात्र त्याने टाळलं. केमी गावच्या कागद गिरणीत त्या दोघा मित्रांनी अर्धं आयुष्य एकत्र काढलं होतं. पानगळीच्या दिवसांत आर्वोच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा हलत होता.

उद्या नगरपालिकेची बाई येणार होती. आर्वोला घरीच ठेवायचं की शुश्रूषागृहात, ते तिला सांगायचं होतं. ते आर्वोनेच सांगावं, असा राइलीचा हट्ट. काउकोने पडद्यावर दोन मोठे चौकोन करून दिले होते. एकात 'घर', दुसऱ्यात 'शुश्रूषागृह'. माऊसचा बाण मात्र दोन्हींच्या मधोमध थिजलेला.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, नव्याने बांधून होईपर्यंत दुपार सरली. यंत्र पुन्हा सुरू झालं. काउकोने माऊस ढकलला आणि बाण सरकला.

"हलला! आर्वो, गड्या, हलला!"

राइलीने नवऱ्याचा डावा हात माऊसवर ठेवला.

"कुठे राहायचंय तुला? सावकाश सांग. घाई नाही."

बाण निघाला. 'घर'वरून गेला, थांबला नाही. वर कोपऱ्यात, मग खाली, मग 'शुश्रूषागृह' ओलांडून परत. आर्वोची नजर त्याच्यामागे फिरत होती आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. कडेला जाऊन बाण थांबला. हात ढिला पडला.

काउकोने घसा खाकरला.

"घर म्हणाला तो. पाहिलंस ना? तिथे जरा रेंगाळला."

"माझ्या डोळ्यांवर चष्मा आहे, काउको. मला नीट दिसतं."

काउकोने मान खाली घातली. आर्वो अजून पडद्याकडेच बघत होता. राइलीने रुमालाने त्याची हनुवटी टिपली.

"अजून फिरवायचाय?" ती म्हणाली. "फिरव." आणि त्याचा हात तिने पुन्हा माऊसवर ठेवला.