साडेचारची लाल पट्टी

समजा, तुमच्या तळहातावर बशीएवढी एक काळी तबकडी आहे. कडेने शून्य ते आठ असे पांढरे आकडे आणि शेवटी एक लाल पट्टी. अलगद धरा हं, रंग अजून ओला आहे. आता दुसऱ्या हातात दुसरी घ्या. दिसायला जुळी बहीणच जणू. ऊन सरकलंय, म्हणून दोन्ही उचलून उन्हात ठेवायच्या आणि वाळल्या की जागेवर परत. कुठली कुठे होती, लक्षात आहे ना?

ठिपकीच्या लक्षात राहिलं नाही.

खरं तर तिने हातच लावायचा नव्हता. हनुवटीवरच्या तिळामुळे जिला सगळे ठिपकी म्हणत, तिची आत्या गाड्यांची मीटरं दुरुस्त करायची. टेबलाशेजारचं स्टूल ठिपकीचं, पण एका अटीवर : वाळत घातलेल्या तबकडीला बोट लावायचं नाही. डावीकडची डिझेलच्या गाडीची, उजवीकडची पेट्रोलच्या. गाडीचं मॉडेल एकच, इंजिनं दोन.

डिझेलची गाडी मध विकणाऱ्या मधवाल्याची. संध्याकाळी मीटर बसलं आणि तो ती घेऊनही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पेट्रोलच्या गाडीचं मीटर जोडायला बसली आणि तिचा हात थांबला.

"ठिपके, ही लाल पट्टी कुठून सुरू होते गं?"

"साडेचारपासून."

"आणि ही गाडी कसली?"

"पेट्रोलची."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पट्टी साडेचारवरच होती. पेट्रोलची साडेसहापासून हवी.

"मग काय झालं? हा जरा जपून चालवेल," ठिपकी घाईघाईने म्हणाली.

"याचं काही बिघडत नाही. साडेसहाची मधवाल्याकडे गेलीय. डिझेलचं इंजिन म्हणजे पैलवान गं. ओझं कितीही घाल, पण दोरीवरच्या उड्या मारायला लावलंस तर हाडं मोडून घेईल. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या, बस. काटा खरंच सांगतो, पण धोका कुठे सुरू होतो ते पट्टी सांगते."

"पण इंजिनाला लगाम असतो ना? तूच म्हणाली होतीस."

"तो फक्त इंधन आवरतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लगाम कोण ओढणार? आणि मधवाला आज मधाच्या पेट्या घेऊन घाट उतरणार आहे."

दुसऱ्या कुणाला इंजिनाचा आक्रोश ऐकू आला असता. मधवाला जन्मापासून बहिरा होता. ती लाल पट्टी हेच त्याचे कान.

आत्याने मोबाइलवर निरोप पाठवला. तो वाचला गेला नाही. गाडी चालवताना मधवाला फोनला शिवत नसे. आत्याने स्कूटरची किल्ली उचलली. ठिपकी मागे बसली.

वाटेत वाऱ्यातच आत्या म्हणाली, "बावीस वर्षांत इकडची तबकडी तिकडे झाली नव्हती. नजर गेली माझी. आता हे काम थांबवून टेबल आवरायला हवं."

तबकड्या आपण हलवल्या हे सांगितलं, तर स्टूल गेलं. ठिपकीने आत्याची कंबर आणखी घट्ट धरली.

घाटाच्या दुसऱ्याच वळणावर गाडी कडेला उभी होती. बॉनेट उघडं. मधवाला दगडावर बसला होता. त्यांना पाहताच त्याने खिशातली वही काढली, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि पुढे केली.

'काटा म्हणतो, चालेल. गिअरवरचा हात म्हणतो, गाडी थरथरतेय, थांब. मी हाताचं ऐकलं.'

आणि तो हसला. इंजिन शाबूत होतं. आत्या त्याच्या शेजारी बसली. तिने वही मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर कोरावं तसं लिहिलं :

'चूक माझी. नजर गेली. हे माझं शेवटचं मीटर.'

मधवाल्याने वाचलं. त्याचं हसू मावळलं. तो जोरजोरात मान हलवू लागला, त्याने पेन्सिल घेतली. वही दोघांच्या मधे तशीच उघडी राहिली. वाऱ्याने पान फडफडत होतं.

ठिपकीने ते पान अंगठ्याने दाबून धरलं. मधवाल्याच्या हातातली पेन्सिल घेतली. 'नजर गेली' यावर एक आडवी रेघ ओढली, आणि त्याखाली, आत्याला स्पष्ट वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, लिहायला लागली : 'तबकड्या मी'