धरशील तोवर बोल

खण्ण!

माझे झाकण ओट्यावरून निसटले, फरशीवर गोल गोल फिरत गेले आणि आजोबांच्या पायाशी आडवे झाले. त्या स्वयंपाकघरात तीन दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबांनी झाकण उचलले, त्यावर फुंकर मारली आणि विचारले, "पोचा पडला का गं?"

"नाही बाबा. तो जुनाच आहे," आई म्हणाली.

अबोला सुटला. भांडण मात्र तसेच होते. ते दोघांनीही दुपारच्या सभेसाठी राखून ठेवले होते.

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. पोटाने मोठी, चांगला तीस कप चहा मावेल एवढी. एका लहानशा कारखान्यात पत्र्याची सपाट चकती फिरत्या साच्यावर दाबून दाबून कारागिराने मला पोट दिले. चोच मात्र त्याने हाताने बसवली आणि ती जराशी तिरकी बसली. त्यामुळे माझ्यातला चहा नेहमी कपाच्या थोडा डावीकडे पडतो. मला हाताळायचे तर आधी माझी ओळख करून घ्यावी लागते. त्या कारागिराचे मी आजही आभार मानते. सरळ चोचीच्या किटल्या खूप असतात. त्या हरवल्या तर कुणी शोधत नाही.

मला आजोबांनी आणले. आजोबा म्हणजे फुटबॉल क्लबच्या मैदानाचे माळी. गवत कापणे, चुन्याच्या रेषा मारणे आणि मध्यंतरात चहा देणे ही त्यांची कामे. आई ही त्यांची लेक. ती खेळाडूंचे शर्ट धुते, शिवते, उसवले तर सांधते. आणि भिंगरी ही आईची सहा वर्षांची मुलगी. एका जागी बसत नाही, म्हणून हे नाव.

हा क्लब कुणा एकाचा नव्हता. जे सभासद, तेच मालक. तुम्हाला वाटेल, किती छान! पण मित्रांनो, साठ मालक एका खोलीत बसले की काय होते, ते मी पाहिले आहे. सगळे एकदम बोलत. ऐकायला कुणी उरतच नसे. एकदा आजोबा इतके वैतागले, की त्यांनी भरलेली किटली, म्हणजे मला, सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या न्हाव्याच्या हातात दिली.

"धर. हात लांब. टेबलावर टेकवायची नाही. धरशील तोवर बोल, कुणी मध्ये बोलणार नाही."

न्हावी चार वाक्ये बोलला आणि त्याचा हात थरथरू लागला. "माझ्या दुकानातसुद्धा ही ठेवायला हवी," तो म्हणाला. "लोक खुर्चीत बसले की उठायचं नावच घेत नाहीत!"

त्या दिवसापासून तोच नियम झाला. ज्याच्या हाती किटली, त्याचेच बोलणे. माझ्या वजनामुळे भाषणे आखूड झाली आणि भांडणेही. माझी मूठ तापत असे, म्हणून आईने फाटलेल्या सात नंबरच्या शर्टाची पट्टी तिला गुंडाळली. दर हंगामाला ती जुनी पट्टी काढते आणि नवी बांधते. माझ्यामुळे आजवर कुणाचा हात भाजला नाही, याचे श्रेय तिचे.

चांगले दिवसही आले. एका वर्षी चषक जिंकला. तो इतका बुटका निघाला, की पोरांनी सरबत माझ्याच चोचीने प्यायले आणि गोलकीपरने मला डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. माझ्या झाकणाचा पोचा त्याच दिवसाचा. मी तो पदकासारखा मिरवते.

मग पडता काळ आला. संघ खालच्या गटात गेला, मग त्याहून खालच्या. प्रेक्षकांच्या छपराला भोके पडली. मध्यंतरात चहा उरू लागला. गार झालेला चहा पोटात घेऊन घरी परतणे किटलीला फार जड जाते, मित्रांनो.

अशा वेळी टाइलवाले साहेब आले. त्यांचा टाइलचा मोठा धंदा होता आणि त्यांना क्लब विकत घ्यायचा होता. छप्पर नवे करू, चांगला प्रशिक्षक आणू, नाव आणि रंग आहेत तेच ठेवू, असे त्यांनी लिहून दिले. फक्त मागच्या लहान मैदानावर गाड्या लावायची सोय करणार होते. त्याच मैदानावर रोज सकाळी भिंगरी आणि गल्लीतली मुले खेळतात.

आजोबा म्हणत, "विकलं नाही, तर पुढच्या हंगामात फाटकाला कुलूप लागेल." आई म्हणे, "विकलं, तर भिंगरी कुठे खेळेल?" दोघांचेही खरे होते. म्हणून तर अबोला धरला होता.

सभेला खोली खच्चून भरली. सर्वांत आधी मी बसचालकाच्या हातात गेले.

"मी सांगतो, विका!" तो म्हणाला. "आपल्याच्यानं होत नाही, तर ज्याच्यानं होतंय त्याला करू द्या. बुडत्या होडीत बसून मालकी कसली मिरवायची?"

"आणि तो उद्या मैदानावर टाइल बसवेल!" न्हावी ओरडला. "घसरून का होईना, गोल तरी होतील!"

सगळे हसले, पण न्हाव्याला तंबी मिळाली. किटली त्याच्या हातात नव्हती. पुढे कुणी साहेबांना देवमाणूस म्हटले, कुणी लांडगा म्हटले. आजोबांनी मला एकदाच धरले. "पस्तीस वर्षं गवत वाढवलं. ते वाळताना बघवत नाही," एवढेच म्हणाले आणि मला खाली ठेवले. तोवर मधूनमधून चहा वाटून मी रिकामी झाले होते.

आई मला आत घेऊन गेली, काठोकाठ भरून परत आली. सगळ्यांनी सवयीने कप पुढे केले. पण ती ओतेना. तिने मला धरून हात लांब केला.

"मी आजवर बोलले नाही," ती म्हणाली. "ओतताना बोललं की सांडतं. आज ओतत नाही, बोलते."

"ताई, जरा थोडक्यात," बसचालक म्हणाला.

"गप रे! किटली तिच्या हातात आहे," न्हावी म्हणाला.

"मग दमेपर्यंत थांबू."

"दमेल? अकरा ओले शर्ट नि अकरा चड्ड्या पिळणारा हात आहे तो. तू आपला मांडी घालून बस!"

खरेच, तिचा हात हलला नाही. आजवर इतका वेळ मला कुणी धरले नव्हते. माझे झाकणसुद्धा वाजले नाही.

"बाबांचं खरं आहे. छप्पर गळतं, मलाही दिसतं. पण आपला गोलकीपर कुठे शिकला? मागच्या मैदानावर. ड्रायव्हरदादा, तुमचा धाकटा रोज गुडघे कुठे फोडून घेतो? तिथेच. मुळं तोडायची आणि शेंड्याला पाणी घालायचं, याला काय अर्थ आहे? मी विकू नका म्हणत नाही. मी विचारते, तीन आठवडे आपण एकमेकांचे गळे धरतोय, पण त्या साहेबांना कुणी विचारलंय का, की गाड्या दुसरीकडे लावता येतील का?"

कुणीच विचारले नव्हते.

आजोबा उठले. "दे इकडे. हात दुखला असेल."

"नाही हो बाबा."

"माझा दुखला, नुसतं बघून," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः सगळ्यांना चहा ओतला. पहिला कप लेकीला दिला.

त्याच टेबलावर पत्र लिहिले गेले. मागचे मैदान मुलांचेच राहील, असे कागदावर येईल तरच क्लब विकायचा. आठवड्याने साहेबांचे उत्तर आले. गाड्या रस्त्यापलीकडे लागतील, मैदान राहील.

आता छप्पर नवे आहे. क्लबात बटण दाबले की कपात चहा पडणारे यंत्र आहे. आधी मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण आई मला घरी घेऊन आली आणि आता रोज सकाळी मी मागच्या मैदानावर मुलांसाठी पाणी घेऊन जाते. म्हातारपणी इतके प्रेम किती भांड्यांच्या वाट्याला येते? मित्रांनो, एक मात्र सांगते. जे सगळ्यांचे असते, तेही कुणीतरी एकाने रोज घासावे लागते, त्याच्या मुठीला पट्टी बांधावी लागते. तुमच्याकडे असे काही असेल, तर ते एक जण तुम्ही व्हा.

काल नव्या हंगामाचा पहिला सामना झाला. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि नव्या छपराखालून असा गजर उठला, की मागच्या मैदानावर आईशेजारी माझ्या पोटातले पाणी हिंदकळले. भिंगरी धावत आली, "आपण जिंकलो!" म्हणून आईभोवती गरागरा फिरली आणि मध्येच थांबली. मग तिने मला दोन्ही हातांनी उचलले, जमतील तेवढे हात लांब केले. आई काही बोलणार होती, पण नियम तो नियम.

भिंगरीने माझ्याकडे बघून विचारले, "किटले, मालक आता ते साहेब आहेत ना? मग आज आपण जिंकलो, की ते?"