बाबांच्या हातची तार

"भिंत गरम लागतेय," ती म्हणाली.

"ऊन आलं असेल," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"या भिंतीवर ऊन येत नाही."

बाळाचा पाळणा त्याच भिंतीशी होता. तिने तो आधी खोलीच्या मधोमध ओढला. मग मेन स्विच बंद करून स्टुलावर चढली आणि फ्यूज उपसून हातात घेतला.

"कशाला नसती उठाठेव?" सासूबाई म्हणाल्या. "आताशा कुठे दिवे जायचे थांबलेत, तर हिला सुख बोचतंय."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून गीझर आणि इस्त्री एकदम लागली की फ्यूज उडायचा. दर वेळी ती त्यात बारीक तार बांधायची. "सून आली आणि अंधार घेऊन आली," असं सासूबाई पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणायच्या, पण नेमकं टोचेल असं. बाळाला घेऊन ती दवाखान्यातून परतली आणि दिवे जायचे थांबले. नवरा म्हणाला होता, "गीझरला वेगळी लाइन टाकून घेतली, तू म्हणायचीस तशी." त्या दिवशी तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

फ्यूजमध्ये तांब्याची जाडजूड तार होती. अशी तार वितळत नाही. तिच्याऐवजी भिंतीतली वायर तापत राहते.

"कोणी बांधली ही?"

"वायरमनने."

"कुठल्या?"

त्याने पेपरचं पान उलटलं. पण तिला दिसलंच होतं. स्क्रूभोवती दोन घट्ट वेढे आणि कुणाच्या बोटात घुसू नये म्हणून मागे दुमडलेलं टोक. जन्मभर वायरमनकी केलेल्या एकाच माणसाची ही सवय होती. लहानपणी तिच्या हातात बारीक तार देऊन त्यानेच शिकवलं होतं, "हिने आधी जळायचं असतं, पोरी. म्हणजे घर जळत नाही."

तिने फोन लावला. "बाबा, आमच्या फ्यूजला तुम्ही हात लावला होता?"

"जावयांनी बोलावलं होतं," बाबा म्हणाले. "तू दवाखान्यात होतीस. म्हणाले, आईचं बोलणं थांबत नाही. म्हटलं, तेवढंच तुला सुखाने नांदता येईल."

"आणि बाळ?"

"नवीन लाइन लगेच टाकतो म्हणाले होते. मी बजावलं होतं गं."

"दुसऱ्या कुणाच्या घरी बांधली असती अशी तार?"

"छे," बाबा म्हणाले.

तिने फोन ठेवला. जाड तार काढून बारीक बांधली. "नवी लाइन होईपर्यंत गीझर लावायचा नाही," तिने सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी सासूबाई इस्त्री करत होत्या, तेव्हा नवऱ्याने मुकाट्याने गीझर लावला. क्षणात घरभर काळोख झाला.

"झालं का समाधान?" सासूबाईंचा आवाज आला.

ती पाळण्याशी बसून होती. मांडीवरचा फोन उजळला. बाबांचा होता. त्या उजेडात झोपलेल्या बाळाचा चेहरा दिसला. तिने फोन उचलला नाही. उजेड विझेपर्यंत ती बाळाकडे बघत राहिली.