बिनकेमिकलचं क्रीम

माझ्या वहिनीला केमिकल या शब्दाचीच ॲलर्जी आहे. मी प्रयोगशाळेत क्रीम आणि लोशनं तपासते, म्हणजे माझा पगारच केमिकलचा. त्यामुळे जेवताना आमची जुंपायची हे ठरलेलं.

"अगं, पाणीसुद्धा केमिकलच आहे."

"हो का? मग ढोस तुझं केमिकल," असं म्हणत ती माझा ग्लास काठोकाठ भरायची.

तर या बाईने मागच्या महिन्यात घरीच क्रीम केलं. कोरफडीचा गर, बदामाचं तेल, मेण आणि पाणी. माझ्या आईला मधुमेह, टाचांना खोल भेगा. वहिनीच्या आईचंही तेच रडगाणं. वहिनीने दोन डब्या भरल्या. एक आईच्या उशाशी ठेवली, दुसरी त्याच दुपारी माहेरी पाठवली, माझ्यादेखत.

"टिकायला काय घातलंस यात?" मी विचारलं.

"व्हिटॅमिन ई. चार कॅप्सूल फोडल्या चांगल्या!"

तिथेच बोलायला हवं होतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, बस्स. पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचं त्याने काही वाकडं होत नाही. त्यांना प्रिझर्व्हेटिव्हच लागतं, तेही शंभर ग्रॅमला जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. जास्त झालं तर काहींची कातडी लाल होते, म्हणून त्याला मर्यादा घालून दिलेली असते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण नणंद बोलली की त्याचा टोमणा होतो. शिवाय ती इतकी खूश होती की माझी जीभ रेटेना.

मग मी स्वतःला फार हुशार समजून एक उद्योग केला. आईची डबी गुपचूप उचलली, तशाच डबीत दुकानातलं क्रीम भरून तिच्या उशाशी ठेवलं आणि वहिनीचं क्रीम तपासायला नेलं. आई म्हणाली, वास बदललाय. मी म्हटलं, मुरलं असेल.

पाच दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. बुरशी सावकाश वाढते म्हणून. इथे दुसऱ्याच दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर हिरवट, बुळबुळीत ठिपके आले. तिसऱ्या दिवशी मोजायला जागा उरली नाही.

"कुणाचं गं हे?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

"आहे एक ग्राहक."

तरीही मी पाच दिवस भरू दिले. खरं सांगायचं तर नियमाच्या आड लपायला बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीला प्लेटचा फोटो दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. ती रुसेल, मी समजूत काढेन, अशी माझी तयारी होती. ती रुसली नाही. तिने फोटो मोठा करून नीट पाहिला.

"हे भेगेतून आत गेलं तर?"

"मधुमेहात जखम चिघळू शकते. म्हणून तर आईची डबी मी पहिल्याच दिवशी उचलली."

वहिनीने गॅस बंद केला आणि फोन लावला.

"आई, ते क्रीम लावू नकोस... टाच सुजलीय? कधीपासून?... परवापासून? आणि मला सांगितलं नाहीस?... नाही, घरगुती उपाय नकोत, आत्ताच डॉक्टरकडे जायचंय. मी येतेय."

तिने पर्स घेतली, चपला घातल्या.

"क्रीममुळेच असेल असं नाही," मी म्हणाले. रिपोर्टात लिहितो तसं वाक्य होतं ते. "थांब, मीही येते."

"नको." दार उघडून ती वळली. "क्रीम मी केलं, चूक माझी. ते मी आईला सांगेन. पण तुझी आई तुला पहिल्याच दिवशी आठवली. माझी?"

ती जिना उतरून गेली तरी मी दारातच उभी होते. पाच दिवसांत तिची आई मला एकदाही आठवली नव्हती.