लेकरांचा निर्जळी उपास

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, त्या दुष्काळातली ही गोष्ट. मुरुडकडच्या बोरवंडीत पाण्याची एकच विहीर उरली होती, आणि गाव त्या पाण्यात महादेवाला कोंडत होते. रीत जुनीच. गाभाऱ्याची पन्हळ मातीने बुजवायची अन् पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. पण दगडी गाभारा झिरपायचा. सकाळी भरलेला संध्याकाळी ओसरायचा, आणि बायका पुन्हा रांग धरून उभ्या राहायच्या.

रांगेत कावेरीबाईही होती. तिने सोमवार कधी मोडला नव्हता. पण आज हातात आलेली घागर तिला पुढे देववेना. आदल्या सांजेला विरूपाक्ष गुरुजी घरी येऊन गेले होते.

"शाळेचा रांजण फुटला, हौदाला चीर गेली," ते म्हणाले होते. "पाणी प्यायला घरी गेलेली पोरं परत येत न्हाईत. अर्ज केलेला, तर जिल्हा बदलला, नव्यानं करा म्हणतात. उद्या सोय झाली न्हाई, तर पावसापर्यंत शाळा बंद ठेवावी लागंल."

गुरुजी गेले तसा नवरा म्हणाला, "मग चांगुणाला खडी फोडायला नेऊ. तेवढाच हातभार."

मागच्या दुष्काळात थोरली लेक अशीच 'पावसापर्यंत' खडीवर गेली होती. पाऊस आला, पोरगी शाळेत परतली नाही. आज तिला माहेरी दोन ओळी धाडायच्या तर शेजारणीची मनधरणी करावी लागते. आता धाकट्या चांगुणाचीही तीच गत व्हायची होती.

कावेरीबाई घागर घेऊन रांगेबाहेर आली.

"वहिनी, देऊळ इकडं हाय," पायरीवरून देवळाचे पंच शेषेराव म्हणाले. "उपासानं डोळ्यावर अंधारी आली का काय?"

बायका हसल्या. कावेरीबाईचा आवाज मुळातच हळू. "शाळेत चालले, भावजी."

"देवाचं पाणी हाय ते."

"देवाला कोंडून पाऊस मागायचा, ही धमकी झाली भावजी. माझ्यानं देवाला धमकी देववत न्हाई. उपास आपण करायचा असतो. हितं देव पाण्यात बुडालाय, आन् निर्जळी उपास लेकरं करून राहिलीत."

"उद्यापासून देवळात पाय ठेवू नको."

"बरं. बाहिरून हात जोडीन. त्याला बाहिरचंबी दिसतं."

शाळेच्या दारात बौद्ध वस्तीतली सरजाबाई उभी होती. तिचा मुलगा चांगुणाच्याच वर्गात. देवळाच्या रांगेत तिला कुणी बोलावले नव्हते.

"आक्का, माझा मालक गवंडी हाय. हौद लिंपून देतो," सरजाबाई म्हणाली. "पण माझ्या लेकराला वरून ओंजळीत पाणी वाढतात. तांब्या एकच ठेवणार असाल तर बोला. न्हाईतर तुमचं पाणी तुमच्यापाशी."

विहिरीवर सरजाबाई आली की पदर सावरून बाजूला होणाऱ्यांत कावेरीबाईही असायची. त्यालाही ती सोवळेच समजत आली होती. क्षणभर तिने हातातल्या घागरीकडे पाहिले, आणि ती सरजाबाईच्या हातात दिली.

"एकच तांब्या," ती म्हणाली. "चल, आपून दोघी रांग धरू. इहिरीवर दोर तू वढ."

देवळाची रांग थबकली. कुणी पुढे येईना, मागे जाईना. तेवढ्यात शेषेरावांची म्हातारी आई, पार्वतीबाई, घागर कमरेवर घेऊन निघाली.

"आये, तू कुठं?"

"शेषू, तुला दोन अक्षरं आली म्हणून पंच झालास न्हवं? ती काय गाभाऱ्यात शिकलास? तू बस देव कोंडत."

म्हातारी चालली तशा आणखी चौघी निघाल्या. बाकीच्या कुजबुजल्या, दोघी-तिघी तोंड फिरवून घरी गेल्या. पण विहिरीपासून शाळेपर्यंत हाताला हात लागून नवी रांग उभी राहिली, आणि सरजाबाईच्या हातची घागर पार्वतीबाईने बिनबोभाट घेतली. त्या दिवशी घराघरांतली भांडी जमवून त्यांत पाणी साठवले, आणि पोरांना एकाच तांब्याने पाजले. रांगेतल्या कुणाच्या हातची घागर नको, असे एकही पोर म्हणाले नाही.

हौद लिंपला गेला. तो सुकल्यावर एका सकाळी शेषेराव देवळाच्या मांडवाचे पत्रे गाडीत घालून शाळेपुढे आले. खाली मान घालून सरजाबाईच्या नवऱ्याला म्हणाले, "देविदासराव, हौदावरच्या छपराला लागतील का हे? मी धरतो, तुम्ही ठोका." कावेरीबाईचा नवरा मारोती शिडी धरून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने खडीचे नाव काढले नाही.

पाऊस काही लगेच आला नाही. तो यायचा तेव्हाच आला. पण त्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागले नाही, आणि चांगुणा चौथी पास झाली.

बायांनो, भावांनो, व्रत जरूर करा. पण ज्या व्रतात आपले काही सुटत नाही अन् लेकराच्या तोंडचे पाणी पळते, ते व्रत मोडा. आणि पाणी पाजायचे तर एकाच तांब्याने पाजा. देव कोपेल ही भीती बाळगू नका. कोपतात ती माणसे, आणि त्यांची समजूत घालता येते.