चाकूचं गाव

भिवंडीत माणसाला आधी गाव विचारतात, नाव नंतर. खोली भाड्याने घ्या, कापडाच्या लूमवर कामाला लागा, नाहीतर नुसते शेअर रिक्षात बसा, पहिला प्रश्न ठरलेला: कुठलं गाव? रीमाने चोवीस वर्षांत याचं उत्तर हजारदा दिलं असेल. गाव खारबावच्या पुढचं, राहायला कामतघरच्या चाळीत. या प्रश्नाचा तिला कधी राग आला नव्हता. राग आला तो एका शुक्रवारी, भूपेशच्या दुकानात.

शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी. लूमवर काम करणाऱ्या रीमाच्या वडिलांना, नामाला, घडीचा चाकू घ्यायचा होता. लूमच्या रोलरवर धागा गुंडाळून बसला की तो कापायला खिशात पातं लागतंच. महिन्यापूर्वी घेतलेला चाकू धागा कापता कापता आपणहून मिटला आणि नामाच्या दोन बोटांवर बसला. सात टाके पडले. बोटं वाचली, पण मधलं बोट अजून पुरतं वळत नव्हतं. तेव्हा तक्रार घेऊन गेला तर भूपेश म्हणाला होता, "काका, कंपनी बनवते, मी थोडाच बनवतो?" दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. नामा तर आता पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या बेतात होता. पण जवळपास हत्यारांचं दुकान तेवढं एकच, म्हणून पुन्हा तीच पायरी.

भूपेशने नवा डबा काउंटरवर ठेवला. नामाने चाकू उघडला, मिटला, परत उघडला.

"ह्यो कुठं बनलाय?"

"जपान. एकदम फर्स्ट क्लास."

"जपानात कुठं?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. नामा मात्र चेष्टा करत नव्हता. त्याच्या गावात कोयता घेताना भट्टी विचारायची रीत होती. कुठल्या लोहाराचा ते कळलं, की पातं वाकल्यावर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं तेही कळतं. भट्टी सांगता येत नसेल तर कोयता कितीही चकचकीत असो, तो तिथेच ठेवून निघायचं.

"आता काय जपानला जाऊन बघू, काका? डब्यावर लिहिलंय ना."

नामाला वाचता येत नव्हतं. त्याने डबा रीमाच्या हातात दिला. "वाच गं. तू शिकलेली हायस. तू वाचलंस की घेतो मी."

रीमाने डब्याकडे पाहिलं आणि तो लगेच ओळखला.

ती एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. तिथे चाकू मोठ्या खोक्यांतून यायचे, खोक्यांवर ना नाव ना गाव. ते एकेका डब्यात घालायचे आणि वर लाल ठिपक्याचा 'मेड इन जपान' स्टिकर लावायचा, हे तिचं काम. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिचा स्टिकर नेहमी डावीकडे कलायचा आणि सुपरवायझर कुणालसर त्यावरून रोज बोलायचे. हातातल्या डब्यावरचा स्टिकर डावीकडे कललेला होता.

पुढच्या महिन्यात ती पर्मनंट होणार होती. अट एकच, आतली गोष्ट बाहेर बोलायची नाही. आणि समोर बाबांचा हात होता, टाक्यांचे व्रण अजून लाल असलेला. मागच्या महिन्यातल्या चाकूचा डबाही असाच होता, हे तिला आत्ता आठवलं. तिला लाज वाटली. मग त्या लाजेचाच संताप झाला.

"लिवलंय जपान," ती म्हणाली.

नामाने पैशांसाठी खिशात हात घातला.

"पन बाबा, ते मीच चिकटवलंय."

रीमाने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला आणि तो सगळ्यांसमोर सोलून काढला.

"खाली काय लिवलंय?" नामाने विचारलं.

"काय न्हाय. कोरा हाय."

चोर तो चोर, वर शिरजोर. भूपेश काउंटरवर हात आपटून म्हणाला, "माल खराब करतेस? माझा माल तुमच्याच गोडाऊनमधून येतो, तुझ्या सुपरवायझरला आत्ता फोन लावतो."

"लावा," रीमा म्हणाली. "नंबर नसला तर मी देते."

फोन गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनमध्ये कुणालसर तिची वाटच बघत होते.

"भूपेशला सांग, गैरसमज झाला म्हणून. पर्मनंटचा कागद तयार आहे तुझा."

"सांगते. पण सर, हे चाकू बनतात कुठं?"

"वरून येतात."

"वर कुठून?"

कुणालसरांना खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं तो माल त्यांच्या सहीने बाहेर जात होता.

"आपल्याला काय करायचंय, रीमा? पगार मिळतो ना?"

रीमाने स्टिकरचा रोल त्यांच्या टेबलावर ठेवला. "मग डबे कोरेच पाठवा."

"कोरा माल कोण घेईल?"

"तेच म्हणते मी."

शेजारी बसणारी रूपा मान खाली घालून स्टिकर लावत राहिली. तिच्या घरात खाणारी पाच तोंडं होती. रीमाने तिला दोष दिला नाही. आपला जेवणाचा डबा उचलला आणि निघाली.

घरी नामाने विचारलं, "कळलं का कुठला ते?"

"न्हाय. तिथं कुनालाच ठाव न्हाय."

"आन् काम?"

"गेलं."

नामा आपलं न वळणारं बोट दाबू लागला. मग म्हणाला, "मी इचारलं नसतं तर ऱ्हायलं असतं."

"तुमी इचारलंत तेच बरं केलंत," रीमा म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आठ दिवसांनी ती दुसऱ्या एका गोडाऊनच्या गेटवर उभी होती. टेबलामागच्या माणसाने रजिस्टर उघडलं.

"गाव?"

"खारबावच्या पुढचं."

"नाव?"

"रीमा. आता तुम्ही सांगा, इथला माल कुठला?"

त्याने पेन रजिस्टरवर ठेवलं. "तुला काम हवंय ना?"

"हवंय," रीमा म्हणाली. "म्हणूनच आधी विचारते."