शर्वाणीची तुळई

शर्वाणी नाबरनं बांबूच्या पट्ट्या चिकटवून, दाबून, भट्टीत वाळवून केलेली तुळई तिसऱ्या दिवशी चार बोटं जास्त भरली. दिगंबर धुरींनी टेप पुन्हा लावला. चार बोटंच.

कुडाळजवळच्या त्या कार्यशाळेत धुरी अकरा वर्षं एकाच कामामागे होते. माणगा बांबूची अशी तुळई करायची, की सिमेंट-लोखंडाशिवाय तीन मजली शाळा उभी राहील. त्यांची तुळई भार पेलायची, पण भट्टीतून आली की निपचित पडून राहायची. शर्वाणीला येऊन आठच महिने झाले होते. तिची तुळई वाढत होती, आणि उभा बांबू करतो तसं हवेतला कार्बनही ओढून घेत होती. चहाच्या स्टोव्हचा धूर वळून तिच्यात शिरायचा. शेडमधली हवा डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या सड्यासारखी स्वच्छ झाली. ती हवा आपल्याला नको, म्हणून धुरी नाकाला रुमाल लावून बसत.

"काय घातलंस तिच्यात?" त्यांनी एकदा विचारलंच.

"काही नाही, सर. तुमच्या वहीतलीच कृती. तोच गोंद, तेवढीच उष्णता."

"मग माझी का वाढली नाही?"

शर्वाणीनं खरोखर विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली.

ती काहीतरी लपवत असती तर धुरींना बरं वाटलं असतं.

त्यांनी आपल्या तुळईला पाणी घातलं. उन्हात नेलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिच्याशी दोन शब्द गोडीनं बोलले. ती होती तेवढीच राहिली.

आठवड्यानं शर्वाणीच्या तुळईला जागा हवी म्हणून शेडची एक भिंत काढली. धुरींचं टेबल त्या भिंतीलगत होतं, ते बाहेर जांभळीखाली गेलं. शाळांच्या कामाचे साहेब आले आणि त्या टेबलाशी थांबून त्यांनी विचारलं, "नाबर मॅडम कुठे बसतात?" धुरींनी बोट दाखवलं.

तुळईनं रस्ता ओलांडला. मग ती धुरींच्या आळीत वळली, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली आणि छपराच्या खाली उतरलेल्या वाशांना लागून मागच्या दारानं परसात गेली. धुरी दुपारी जेवायला घरी आले, तर त्यांची बायको कुमुदिनी तिच्यावरून हात फिरवत होती.

"अहो, किती गुळगुळीत आहे. तुमची अशी कधी झाली नाही."

"माझी तू पाहिलीस कुठे?"

"अकरा वर्षं ऐकतेय की."

धुरींनी ताट बाजूला सारलं आणि करवत आणली. कुमुदिनी "नको हो" म्हणाली, पण तिनं हात धरला नाही. त्यांनी तुळईचा मधला हातभर तुकडा कापून काढला. आतल्या पट्ट्या हिरव्या, ओल्या होत्या. किती दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

तेवढ्यात छप्पर वीतभर खाली आलं. घर कधीच त्या तुळईवर टेकलं होतं, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. धुरी दोन टोकांच्या मधे शिरले आणि त्यांनी वाशांखाली खांदा लावला. छप्पर थांबलं.

शर्वाणी धावत आली. "हलू नका, सर. सगळा भार तुमच्यावर आहे."

"तो तुकडा परत बसव."

"आता बसणार नाही. दोन्ही टोकं वाढायला लागलीत."

धुरींनी मान वळवून पाहिलं. खरंच होतं. एक टोक पाठीकडून येत होतं, एक छातीकडून, दोन्ही अगदी एका रेषेत.

"माझी तुळई इथं असती," त्यांनी विचारलं, "तर पेललं असतं तिनं?"

"पेललं असतं, सर. वाढली मात्र नसती."

कुमुदिनीनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि ती बाजूला झाली. शर्वाणीनं कानामागची पेन्सिल काढली, एक डोळा मिटून दोन्ही टोकांचा अंदाज घेतला आणि त्यांच्या सदऱ्यावर, छातीच्या डाव्या बाजूला, एक उभी रेघ मारली.